मंद शिजवा, झटपट थंड करा

शनिवारी रात्री डुकराच्या खांद्याचा दोन किलोचा तुकडा मीठ-मसाला चोळून स्लो कुकरमध्ये ठेवायचा, झाकण लावायचे, बटण दाबायचे आणि झोपायचे. सकाळी घरभर दरवळ सुटलेला असतो आणि काट्याने नुसते ओढले तरी मांसाच्या रेषा अलगद सुटतात. या पदार्थाचे नाव 'पुल्ड पोर्क'. तो मूळचा अमेरिकेच्या दक्षिण भागातला. नॉर्थ कॅरोलायना राज्यात लाकडाच्या निखाऱ्यांवर तासन् तास शिजवलेले हे मांस व्हिनेगर आणि मिरची घालून खाण्याची जुनी रीत आहे. स्लो कुकरमुळे रात्रभर निखारे राखण्याचे कष्ट वाचले आणि पदार्थ घरोघरी पोहोचला. तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेली मराठी मुलेही आता तो करू लागली आहेत. ते ऐकून इकडच्या आईवडिलांचा फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डुकराचं मांस? त्यात जंत असतात ना?"

काळजी योग्य आहे, पण तिचा रोख चुकला आहे. मांसातील टेपवर्मच्या आणि ट्रिकिनेला या कृमीच्या अळ्या पुरेशा उष्णतेने मरतात. डुकराच्या मांसाचा अखंड तुकडा आतून ६३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तीन मिनिटे तसाच ठेवला की तो सुरक्षित, असे अमेरिकेच्या कृषी विभागाचे मार्गदर्शन आहे. पुल्ड पोर्क त्याच्या बरेच पुढे, ९० अंशांपलीकडे जाते. मेंदूत होणाऱ्या टेपवर्मच्या गाठींची अनेकांना धास्ती असते. त्या मात्र या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतात. आतड्यात टेपवर्म असलेल्या माणसाच्या विष्ठेतून ती बाहेर पडतात आणि न धुतलेले हात, कच्च्या भाज्या किंवा दूषित पाणी यांतून पसरतात. म्हणून हा आजार शाकाहारी माणसालाही होतो.

खांदाच का?

खांद्याचे स्नायू जनावर आयुष्यभर वापरते. त्यामुळे त्यात कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर असते. साधारण ७० अंशांच्या पुढे त्याचे हळूहळू जिलेटिन होऊ लागते. मटणाच्या पायाचे सूप फ्रिजमध्ये थिजते, ते याच जिलेटिनमुळे. हे रूपांतर व्हायला वेळ लागतो. स्लो कुकरच्या 'लो'वर आठ ते दहा तास आणि 'हाय'वर पाच-सहा तास लागतात. पाठीचा कमी चरबीचा तुकडा घेतला, तर तो इतक्या वेळात कोरडा आणि चोथट होतो.

धोका चढताना आणि उतरताना

४ ते ६० अंश हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा मानला जातो. गॅसवरचे भांडे तो काही मिनिटांत ओलांडते, तर स्लो कुकरला वेळ लागतो. फ्रीझरमधला गोठलेला गोळा तसाच भांड्यात टाकला, तर तो तासन् तास कोमटच राहतो. तेवढ्या वेळात स्टॅफिलोकोकस या जिवाणूने विष तयार केले, तर पुढे कितीही शिजवले तरी ते नष्ट होत नाही. म्हणून मांस फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्यावे आणि मगच शिजवावे.

मात्र घरोघरी खरी चूक होते ती उतरताना. जेवणे झाली, मांस उरले. 'गरम आहे, एवढं गरम फ्रिजमध्ये कसं ठेवायचं' म्हणून भांडे रात्रभर ओट्यावर राहते. स्लो कुकरचे जाड मातीचे भांडे उष्णता धरून ठेवते. त्यामुळे आतले मांस फार हळू निवते आणि नेमके हेच क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जिवाणूच्या पथ्यावर पडते. त्याचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात आणि अन्न कोमट झाले की जागे होतात. ४३ ते ४७ अंशांच्या दरम्यान त्यांची संख्या दहाएक मिनिटांत दुप्पट होऊ शकते. या वेगाने एकाचे तीन तासांत अडीच लाखांहून अधिक होतात. वास, रंग, चव काहीच बदलत नाही. एकट्या अमेरिकेत दरवर्षी सुमारे दहा लाख लोकांना यापासून विषबाधा होते, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे.

राजम्याची गोष्ट

स्लो कुकरचा जनक अर्व्हिंग नॅक्सन. त्याला १९४० मध्ये पेटंट मिळाले. पुढे हेच यंत्र 'नॅक्सन बीनरी' या नावाने, म्हणजे घेवड्याच्या दाण्यांचे भांडे म्हणून ओळखले गेले आणि १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आले. कडधान्यांसाठी नावाजलेल्या या भांड्यात लाल राजमा मात्र कच्चा टाकू नये. त्यातील लेक्टिन हे द्रव्य ८० अंशांच्या आसपासच्या मंद उष्णतेने नष्ट होत नाही. उलट विषारीपणा वाढू शकतो. अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेही तीव्र उलट्यांना पुरेसे ठरतात. राजमा किमान पाच तास भिजवावा, पाणी फेकावे आणि नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळून मगच स्लो कुकरमध्ये घालावा. आपल्या प्रेशर कुकरमध्ये तापमान १०० अंशांच्या वर जात असल्याने तिथे नीट शिजलेल्या राजम्याचा हा धोका राहत नाही.

एवढे पाळा

• मोठ्या तुकड्याचे दोन-तीन भाग करा. भांडे अर्ध्यापेक्षा कमी किंवा दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका.
• पहिला तास 'हाय'वर ठेवा, नंतर 'लो' करा. झाकण सारखे उघडू नका. दर वेळी शिजायला वीस-तीस मिनिटे जास्त लागतात.
• मांसाचा थर्मामीटर वापरा. आतील तापमान ९० ते ९५ अंश झाले की रेषा सुटतात.
• रेषा स्वच्छ काट्यांनी सोडवा. हाताला जखम किंवा गळू असेल, तर हे काम दुसऱ्याला द्या.
• तुम्ही घरात नसताना वीज गेली आणि किती वेळ गेली हे कळत नसेल, तर ते अन्न टाकून द्या.
• उरलेले मांस दोन तासांच्या आत उथळ डब्यांत पसरून फ्रिजमध्ये ठेवा. वाफ जिरायची वाट पाहू नका.
• पुन्हा गरम करताना गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाफा येईपर्यंत तापवा. त्यासाठी स्लो कुकर वापरू नका.

खांद्याच्या मांसात चरबी बरीच असते. रस थंड झाला की वर थिजलेली चरबी काढून टाका. तयार सॉसमध्ये मीठ आणि साखर भरपूर असते, हे रक्तदाब व मधुमेह असणाऱ्यांनी विसरू नये.

परफ्रिन्जेन्सच्या विषबाधेत सहा ते चोवीस तासांत पोटात कळा येऊन जुलाब सुरू होतात. ताप आणि उलट्या सहसा नसतात. बहुतेकांना एका दिवसात बरे वाटते. जलसंजीवनी घेत राहावी. शौचातून रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणे किंवा गुंगी यांपैकी काही दिसले तर तातडीने डॉक्टर गाठावा. लहान मुले, वृद्ध आणि गर्भवती यांच्या बाबतीत वाट पाहू नये.

तेव्हा पुढच्या वेळी फोनवर मुलाला जंतांबद्दल नव्हे, तर एवढेच विचारा : "उरलेलं फ्रिजमध्ये किती वाजता ठेवलंस?"