उंदीर घाबरला हे कळतं कसं?

घरात शिरलेला उंदीर कुठून पळतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. भिंतीच्या कडेकडेनं, कोठीच्या मागून, डब्यांच्या आडोशानं. खोलीच्या मधोमध तो सहसा येत नाही. आज आपण उंदराच्या भीतीबद्दल बोलणार आहोत. आपल्याला उंदराची वाटते ती नव्हे, उंदराला वाटते ती! मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं होतं, "जीव घाबरा होतो त्यावरच्या गोळ्या आधी उंदरावर तपासतात म्हणे. पण उंदीर घाबरला हे कळतं कसं? तो काय सांगणार आहे?" प्रश्न चांगला होता, म्हणून आम्ही त्यावर वाचून आलो.

शास्त्रज्ञांनी उंदराची ही कडेकडेनं जायची सवयच मोजमापाला धरली. प्रयोगशाळेतला उंदीर लहानसा, वीस-तीस ग्रॅमचा. त्याच्यासाठी अधिकच्या चिन्हासारखी चार फाट्यांची पाटी करतात आणि ती जमिनीपासून हातभर उंच ठेवतात. दोन फाट्यांना भिंती असतात, दोन उघडे. उंदराला मधे सोडायचं आणि पाच मिनिटं बघायचं. धास्तावलेला उंदीर भिंतींच्या आत बसून राहतो. धास्ती कमी असेल तर उघड्या फाट्यावर जातो, कडेवरून खाली डोकावतो. १९८० च्या दशकात ही पद्धत रूढ झाली. डायझेपामसारखं चिंतेवरचं औषध दिलं, की उंदीर उघड्यावर जास्त वेळ काढतो. नव्या औषधाची पारख अशीच करतात.

दुसरा प्रयोग आठवणीतल्या भीतीचा. पिंजऱ्यात एक आवाज वाजवतात आणि तो संपताना पायाखालच्या सळयांतून विजेचा हलका झटका देतात. असं काही वेळा केलं, की दुसऱ्या दिवशी नुसत्या आवाजानंही उंदीर थिजतो. श्वास तेवढा चालू, बाकी हालचाल नाही. किती सेकंद थिजला, ते मोजायचं. मुक्या जनावराला झटके देणं आमच्या गटातल्या आजींना अजिबात पटलं नाही. आपल्याकडे अशा प्रयोगांसाठी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या समितीचे नियम आहेत, तेही सांगितलं. आजींचं समाधान झालं, असं मात्र म्हणता येणार नाही.

अशा प्रयोगांतून मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या भागाचं काम कळलं. न्यूयॉर्कचे जोसेफ लेडू यांनी यावर पुष्कळ वर्षं संशोधन केलं. तेच बजावतात, की उंदराचं थिजणं आपण पाहू शकतो, पण त्याला आतून काय वाटतं ते त्यावरून सांगता येत नाही.

पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. तोच आवाज झटक्याशिवाय पुन्हा पुन्हा ऐकवला, तर उंदराचं थिजणं हळूहळू कमी होतं. पण त्याला दुसऱ्या पिंजऱ्यात नेऊन आवाज ऐकवला, की तो पुन्हा थिजतो. म्हणजे जुनी भीती पुसली गेलेली नसते. 'इथे आता धोका नाही' एवढी नवी शिकवण तिच्यावर बसलेली असते. समुपदेशक माणसाला भीतीच्या गोष्टीला थोडं थोडं सामोरं जायला शिकवतात, त्यामागेही हाच विचार आहे. त्यामुळे बरं वाटू लागल्यावर एखाद्या दिवशी पुन्हा धडधडलं, म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही.

आता आम्हाला खटकलेली गोष्ट. चिंतेचे आजार बायकांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतात. मग प्रयोगात माद्या असायला हव्या होत्या की नाही? २०११ मध्ये छापलेल्या एका पाहणीत दिसलं, की मेंदूच्या संशोधनात फक्त माद्यांवरचा एक अभ्यास असेल, तर फक्त नरांवरचे साडेपाच! कारण काय, तर माद्यांची पाळी फिरते, त्यामुळे आकडे वरखाली होतात. २०१४ मध्ये जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त वरखाली होत नाहीत असं निघालं.

त्यापुढचं ऐका. २०१५ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात रिबेका शान्स्की यांच्या गटानं आवाज-झटक्याचाच प्रयोग नर आणि माद्या दोघांवर केला. हे उंदीर जरा मोठ्या जातीचे होते. आवाज झाल्यावर बऱ्याच माद्या थिजल्या नाहीत, पिंजऱ्यात इकडून तिकडे सुसाट धावल्या. नरांमध्ये असे धावणारे थोडेच निघाले. नुसतं थिजणंच मोजलं असतं, तर या धावणाऱ्या माद्या 'घाबरल्या नाहीत' म्हणून नोंदल्या गेल्या असत्या. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं २०१६ पासून, निधी हवा असेल तर नर-मादी दोन्हींचा विचार करा, असा नियम केला आहे.

हे वाचताना आम्हाला आपल्या गटातल्याच बायका आठवल्या. उंदरावरून माणसाचं सगळं ठरत नाही, हे खरं. पण "दिवसभर धावपळ करते, तिला कसली आलीय चिंता?" हे वाक्य आपण कितीदा ऐकतो! तेव्हा डॉक्टरांकडे गेलात, तर कामं होतात की नाही एवढ्यावर थांबू नका. छातीत धडधडतं का, झोप किती लागते, कधीपासून, तेही सांगा. शेजारणीच्या गोळ्या आणून घेऊ नका. फोनवर बोलायचं असेल तर सरकारच्या टेली मानसचा नंबर आहे १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.