डोळ्यातलं कुसळ सगळ्यांना माहितीय, पण कवठे महांकाळच्या माळावरचं कुसळ बँकेत ठेवायची वेळ का आलीय?

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. ही म्हण शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते. पण कुसळ म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर शहरातली निम्मी पोरं गप्प बसतील. कवठे महांकाळ, जत, आटपाडीकडच्या मेंढपाळाला मात्र ते सांगावं लागत नाही. दिवाळीनंतर माळावरून चालत आलं की कपडे कुसळांनी भरलेलेच असतात.

कुसळ म्हणजे कुसळी गवताचं बी. एका टोकाला सुईसारखं अणकुचीदार, दुसऱ्या टोकाला पीळ पडलेली लांब शेपटी. हवेत ओलावा आला की पीळ उलगडतो, ऊन पडलं की परत बसतो. या फिरण्याफिरण्यात बी स्वतःच जमिनीत घुसतं. मेंढीच्या लोकरीतून कातडीतही ते तसंच घुसतं, म्हणून गवत कोवळं असतानाच चारून घेतात.

आता असल्या बोचऱ्या गवताचं बी वेचून, वाळवून उणे १८ अंशांत जपून ठेवायचं, असं कुणी म्हटलं तर गावात हसू होईल. पण जगभर हेच काम चाललंय.

अमेरिकेतल्या आयोवा राज्याचं उदाहरण घ्या. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी या राज्याचा बहुतांश भाग उंच गवताचा होता. जमीन काळीभोर, कसदार. नांगर आला आणि मूळच्या गवतापैकी एक टक्काही उरलं नाही. पुढे लोकांना ते गवत परत लावावंसं वाटलं तेव्हा बी शोधायला जावं लागलं जुन्या दफनभूमीत आणि रेल्वेच्या कडेला. कारण तेवढ्याच जागी नांगर फिरला नव्हता.

कवठे महांकाळ तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पश्चिमेला घाटमाथ्यावर धो धो पाऊस, आणि इथे येईपर्यंत ढगांची पिशवी रिकामी. अशा ठिकाणी दाट जंगल कधीच नव्हतं. इथलं निसर्गाचं खरं रूप म्हणजे माळरान. १९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी देशातल्या गवताळ भागांचे पाच प्रकार पाडले. त्यात दख्खनचा माळ ज्या प्रकारात येतो, त्याची ओळखच शेडा, पवन्या आणि मारवेल या गवतांच्या कुळांवरून ठरते. खिल्लार बैल आणि शेजारच्या जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी याच चाऱ्यावर पोसली गेली.

सरकारी कागदावर मात्र याच माळाची नोंद बहुतेक वेळा ‘पडीक’ अशी. झाड नाही म्हणजे काही नाही, असा साधा हिशोब. मग पडीक जमिनीचा ‘विकास’ करायला कुणी खड्डे खणून झाडं लावतं, कुणी पवनचक्क्या उभ्या करतं. ढालगाव परिसरात त्या लांबूनच दिसतात.

त्यात म्हैसाळ योजनेचं पाणी आलं. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून मिरज, कवठे महांकाळ, तासगाव, जतपर्यंत नेणारी ही योजना. पाणी आलं तसा माळ फुटला, द्राक्षबागा वाढल्या, बेदाण्याची शेड उभी राहिली. याला वाईट कोण म्हणेल? टँकरच्या मागे धावलेल्या माणसाला गवतासाठी परत दुष्काळात जा म्हणणं हा आगाऊपणाच. पण माळ नांगरायच्या आधी त्यावरचं बी उचलून ठेवणं यात कुणाचंच नुकसान नव्हतं, आणि ते फारसं झालं नाही.

नुकसान कळतं ते दुष्काळात. २०१२-१३ ला सांगलीच्या पूर्व भागात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. जनावरांपुढे पडत होता तो मुख्यतः ऊस आणि उसाचं वाढं, म्हणजे भरपूर पाणी पिणाऱ्या पिकाचा चारा. कमी पावसात तग धरणारं मारवेल ज्या माळांवर होतं, ते माळ तोवर एक तर चरून संपले होते, नाहीतर नांगरले गेले होते. जास्त चराईचा एक नियमच आहे. जनावर आधी चांगलं गवत खातं, त्याला बी धरू देत नाही. शेडा, पवन्या, मारवेल मागे पडतात आणि उरते कुसळी.

मग पुन्हा पेरायचं ठरवलं तर बी कुठून आणणार? कृषी सेवा केंद्रात नेपियर, गिनी गवत, स्टायलो सहज मिळेल. तिन्ही परदेशी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गवतांवर काम चालतं, मारवेलचे सुधारित वाणही निघालेत. पण तुमच्याच गावच्या माळावर शेकडो वर्षं टिकलेल्या गवताचं बी दुकानात नसतं. ते वेचावंच लागतं.

आणि खरी गंमत इथे सुरू होते.

ज्वारीचं कणीस तुमची वाट बघत थांबतं, रानगवत थांबत नाही. एकाच तुऱ्यातलं काही बी पिकून गळालेलं, काही हिरवं, अशी अवस्था. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एखाद्या माळावर हातात येतात ते मोजके दिवस. आठवडाभर आधी गेलात तर बी कच्चं, आठवडाभर उशिरा गेलात तर काड्या.

दुसरी फसवणूक म्हणजे पोकळ बी. तुरा भरलेला दिसतो, पोतंभर माल जमतो आणि घरी येऊन पाहिलं तर बऱ्याच फोलांत दाणाच नाही. म्हणून जाणकार आधी मूठभर बी घेतात, ब्लेडने कापून आत पांढरा भरीव दाणा आहे का बघतात आणि मगच पिशवी उघडतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात मजेदार. मारवेल, अंजन, कुसळी ही गवतं बऱ्याचदा बीजांडाचं फलन न होताच बी तयार करतात. शास्त्रात याला अपोमिक्सिस म्हणतात. म्हणजे त्या बियातून उगवलेलं रोप हुबेहूब आईची प्रत. मग एका माळावरच्या शंभर ठोंबांचं बी गोळा केलं तरी त्यात प्रकार एक-दोनच असू शकतात. विविधता हवी असेल तर ढालगावचा माळ वेगळा, दंडोबाचा डोंगर वेगळा, अग्रणी नदीकाठ वेगळा, असं फिरावं लागतं. मिरज-पंढरपूर रेल्वेमार्ग या तालुक्यातून जातो. आयोवाचा धडा लक्षात घेतला तर त्याच्या कडाही बघण्यासारख्या. बांध आणि देवळामागची मोकळी जागाही.

किती घ्यायचं यालाही शिस्त आहे. जगभरच्या बीज बँकांचा ढोबळ नियम असा की शक्यतो ५० किंवा जास्त झाडांवरून घ्यायचं आणि त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी २० टक्क्यांच्या वर हात लावायचा नाही. बाकीचं जमिनीचं, मुंग्यांचं, पाखरांचं. सोबत झाडाचा नमुना दाबून वाळवायचा, जागा, तारीख, मातीचा प्रकार लिहायचा. ही चिठ्ठी हरवली तर बी जवळजवळ निरुपयोगी, कारण ते कुठल्या मातीचं हेच कळत नाही.

फक्त गवतच नाही. माळावर, बांधावर रानतुरीचा वेल सापडतो, रानमूग सापडतो. आपल्या पिकांचे हे गरीब नातेवाईक. पण रानतुरीशी संकर करूनच शास्त्रज्ञांनी संकरित तुरीचं बियाणं काढलं, ते गुजरातमध्ये शेतकऱ्यांपर्यंतही पोचलं.

आता बँकेचा भाग. बियांचे दोन शत्रू, ओलावा आणि उष्णता. बियातला ओलावा एक टक्क्याने कमी केला किंवा तापमान पाच अंशांनी खाली आणलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा हिशोब मांडतात. म्हणून बी आधी १५ अंश तापमानात, १५ टक्के आर्द्रतेत हळूहळू सुकवायचं, हवाबंद पाकिटात भरायचं आणि उणे १८ ते २० अंशांत ठेवायचं. आंबा-फणसाच्या बिया या थंडीत मरतात, गवताचं बी मात्र दशकानुदशकं जगतं. तेच बी पत्र्याच्या खोलीत पोत्यात ठेवलं तर काही वर्षांतच संपतं.

अशी मोठी तिजोरी दिल्लीत आहे, राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोची. तिथे साडेचार लाखांहून जास्त नमुने आहेत, पण बहुतांश पिकांचे. चाऱ्याच्या गवतांवर १९६२ पासून झाशीची भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्था काम करते. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पाला मंजुरी दिली, पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लाख रुपये. त्यातल्या सात विषयांपैकी एक विषय थेट गवताळ, झुडपी आणि चराई क्षेत्रातल्या जैवविविधतेचा आहे. पडीक म्हणून नोंदलेल्या जमिनीला सरकारी कागदावर असं वेगळं नाव मिळणं ही छोटी गोष्ट नाही.

पण तिजोरीतलं बी माळावर उगवत नाही. त्यासाठी गावातही बी लागतं. ही गवतं ताजी पेरली तर रुसतात, बी काही महिने सुप्तावस्थेत असतं. म्हणून नोव्हेंबरात वेचलेलं बी कापडी पिशवीत, उंदरांपासून लांब, सावलीत ठेवायचं आणि पुढच्या जूनला काढायचं. ते इतकं हलकं असतं की फेकलं तर वाऱ्याने शेजारच्या शिवारात जातं. त्यावर उपाय म्हणजे माती, शेणखत आणि बी कालवून बारीक गोळ्या करायच्या किंवा ओल्या वाळूत मिसळून उथळ सरीत टाकायचं. बी खोल गाडायचं नाही, वर मातीचा हलका हात पुरे. आणि पहिली दोन वर्षं तिथे मेंढी सोडायची नाही, निदान बी गळेपर्यंत तरी. हे धनगरवाड्यावर बसून ठरवावं लागतं, कुंपण घालून नाही.