बाप्तिस्मा नक्की कोण देऊ शकतो? फादर, पाळक की रुग्णालयातली नर्सही?

पेण किंवा रोह्याच्या रुग्णालयात एखाद्या ख्रिस्ती जोडप्याचे बाळ दिवस भरण्याआधी जन्मले, त्याचा श्वास अडकू लागला आणि डॉक्टरांनी अलिबागला किंवा मुंबईला हलवायला सांगितले, तर घरच्यांपुढे उपचारांबरोबर आणखी एक प्रश्न उभा राहतो. बाळाचा बाप्तिस्मा अजून झालेला नाही. रात्रीच्या वेळी फादर पोहोचेपर्यंत उशीर झाला तर? आजी, वडील किंवा ड्युटीवरची नर्स बाप्तिस्मा देऊ शकते का? आणि ती नर्स हिंदू किंवा मुस्लिम असेल तर?

कॅथलिक चर्चचे उत्तर अनेकांना चकित करते. होय, देऊ शकते.

नेहमीची पद्धत काय आहे?

पेण आणि रोहा ज्या रायगड जिल्ह्यात आहेत, तो कॅथलिक चर्चच्या रचनेत मुंबई महाधर्मप्रांतात येतो. रोह्यावरून वाहत येणारी कुंडलिका नदी रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामध्ये समुद्राला मिळते. तिथे, कोर्लईत, पोर्तुगीज काळापासूनची कॅथलिक वस्ती आजही आहे.

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ८६१ व्या कलमानुसार बाप्तिस्मा देण्याचा नेहमीचा अधिकार तिघांना आहे: बिशप, धर्मगुरू म्हणजे फादर आणि डीकन. व्यवहारात ही जबाबदारी त्या भागाच्या पॅरिश प्रीस्टची असते. फादर उपलब्ध नसतील तिथे बिशप धर्मशिक्षकाला किंवा दुसऱ्या कुणाला या कामासाठी नेमू शकतात. एरवी फादर हाताशी असताना घरच्या घरी बाप्तिस्मा उरकणे चर्चला मान्य नाही.

तातडीच्या वेळी नियम कसा बदलतो?

याच कलमाच्या दुसऱ्या भागात म्हटले आहे की गरज पडल्यास योग्य हेतू असलेली कोणतीही व्यक्ती बाप्तिस्मा देऊ शकते. ती स्त्री असो वा पुरुष, ख्रिस्ती असो वा नसो. अटी तीनच आहेत.

पहिली अट पाण्याची. साधे, खरे पाणी बाळाच्या डोक्यावरून ओघळायला हवे. पाणी आशीर्वादित नसले तरी चालते. दुसरी अट शब्दांची. पाणी ओतता ओतता बाळाचे नाव घेऊन, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो किंवा देते, या अर्थाचे ठरलेले वाक्य उच्चारायचे. तिसरी अट हेतूची. चर्च बाप्तिस्म्यातून जे करते, तेच करण्याचा हेतू हवा. देणाऱ्याची स्वतःची श्रद्धा त्यावर असलीच पाहिजे असे नाही.

शब्दांत मात्र फेरफार चालत नाही. ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणून दिलेला बाप्तिस्मा अवैध असल्याचे व्हॅटिकनने २०२० मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर अमेरिकेतील फिनिक्स धर्मप्रांतात एका फादरनी अनेक वर्षे ‘आम्ही’ म्हणून दिलेले हजारो बाप्तिस्मे अवैध ठरले. म्हणजे दीक्षित फादरचा बाप्तिस्मा रद्द होऊ शकतो आणि नर्सने नीट दिलेला टिकतो.

हा नियम आला कुठून?

हा वाद पहिल्या शतकांपासूनचा आहे. इ. स. २०० च्या सुमारास टर्टुलियनने सामान्य माणसाला ही मुभा दिली, स्त्रियांना मात्र नाकारली. तिसऱ्या शतकात, पाखंडी गटांनी दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य धरायचा का, यावरून कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि रोमचे पोप स्टीफन यांच्यात मोठा वाद झाला. पुढे संत ऑगस्टिनने मांडलेला विचार टिकला: हात माणसाचे असले तरी बाप्तिस्मा देणारा खरा ख्रिस्तच, त्यामुळे देणाऱ्याची पात्रता निर्णायक नाही. १४३९ मध्ये फ्लोरेन्सच्या धर्मपरिषदेने स्त्रिया आणि अख्रिस्ती यांचाही स्पष्ट उल्लेख केला.

एक मर्यादा मात्र कायम आहे. स्वतःला स्वतः बाप्तिस्मा देता येत नाही.

पालकांना न विचारता बाप्तिस्मा दिला तर?

या मुभेची दुसरी बाजू इतिहासात दिसली आहे. इटलीतील बोलोन्या शहरात एका ज्यू कुटुंबातील एदगार्दो मोर्तारा हा मुलगा लहानपणी आजारी असताना घरातल्या मोलकरणीने त्याला गुपचूप बाप्तिस्मा दिला. ते उघड झाल्यावर १८५८ मध्ये तिथल्या पोपच्या राजवटीने सहा वर्षांच्या त्या मुलाला आई-वडिलांपासून काढून घेतले. युरोपभर निषेध झाला, पण मुलगा परत मिळाला नाही.

आजही एरवी आई-वडिलांपैकी किमान एकाची संमती आवश्यक असते. मृत्यूचा धोका असेल, तर पालकांच्या इच्छेविरुद्ध दिलेला बाप्तिस्माही चर्चचा कायदा नियमबाह्य मानत नाही. या तरतुदीवर टीका होते. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांसाठी मात्र सरळ मार्ग एकच आहे: पालकांनी विनंती केली तरच मदत करावी.

सगळ्या चर्चमध्ये हेच चालते का?

नाही. ऑर्थोडॉक्स परंपरेत तातडीच्या वेळी सामान्य माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, पण तो स्वतः बाप्तिस्मा घेतलेला असावा लागतो. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनला सुईणींनी दिलेला तातडीचा बाप्तिस्मा मुळीच मान्य नव्हता. लूथरच्या परंपरेने तो स्वीकारला. १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामान्यतः दीक्षित पाळक बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्ये समज आलेल्या व्यक्तीने विश्वास प्रकट केल्यावरच तो दिला जातो, त्यामुळे नवजात बाळाचा प्रश्नच उद्भवत नाही. मुक्तिफौज म्हणजे साल्व्हेशन आर्मी तर पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाही.

धर्मशास्त्राने देणारा गौण मानला, तरी घेणाऱ्याला तो महत्त्वाचा वाटू शकतो. कोकणात जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो परदेशी मिशनऱ्याकडून नव्हे, तर भारतीय पाळकाच्या हातून. ख्रिस्ती होणे म्हणजे परके होणे नव्हे, ही त्यांची पुढे आयुष्यभराची भूमिका होती.

नंतर काय करायचे?

तातडीचा बाप्तिस्मा झाल्यास पॅरिशच्या फादरना कळवावे. कुणी, कधी, कोणत्या शब्दांत दिला आणि साक्षीला कोण होते, हे सांगितले की नोंदवहीत नोंद होते. बाळ वाचले, तर तेलाभ्यंगासारखे उरलेले विधी चर्चमध्ये होतात, पण पाणी पुन्हा ओतले जात नाही. बाप्तिस्मा झाला की नाही, याचीच शंका असेल तर सशर्त बाप्तिस्मा देतात.

लग्नाचे तसे नाही. ख्रिस्ती विवाह कोण लावू शकतो हे १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने ठरवले आहे आणि अनेक पाळकांना त्यासाठी सरकारी परवाना लागतो. बाप्तिस्मा देण्यासाठी असा परवाना नसतो. तसेच बाप्तिस्म्याचा दाखला हा जन्मदाखला नव्हे. जन्माची नोंद वेगळी करावीच लागते.

आणि कुणीच वेळेत पोहोचू शकले नाही तर? मृत बाळाला बाप्तिस्मा दिला जात नाही, त्याच्यासाठी प्रार्थना केली जाते. अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला सबळ कारणे आहेत, असे व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने २००७ मध्ये म्हटले. त्यामुळे रात्री धावपळ करूनही उशीर झालेल्या आई-वडिलांनी आपल्या हातून बाळाचे अकल्याण झाले, असे मानण्याचे कारण नाही.