कोवळ्या कोंभावरची कीड

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर मी एरवी बेणे, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. आज तंबाखूविषयी लिहितो आहे. गेल्या लागणीच्या वेळी एका सभासदाच्या रानात उभा होतो. त्यांचा नववीतला मुलगा सरीत टिपऱ्या टाकता टाकता थांबला आणि तळहातावर तंबाखू मळू लागला. मी रागे भरलो. तेव्हा पोरगं माझ्या खिशाकडं बघून म्हणालं, "साहेब, डबी तर तुमच्याकडं पण हाय की!" माझी बोलती बंद झाली. पंधरा वर्षे मी तंबाखू मळत होतो आणि लोकांना पीक संरक्षण शिकवत होतो.

खोडकीड आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. ती लागते ती कोवळ्या उसाला. अळी जमिनीलगत कोंभात शिरते, आतला वाढीचा गाभा खाते आणि पोंगा वाळतो. उसाला कांड्या सुटल्या म्हणजे तिचा जोर राहत नाही. तंबाखूचेही तसेच आहे. जन्मभर तंबाखू खाणारे, बिडी-सिगारेट ओढणारे बहुतेक जण विशीच्या आत सुरुवात केलेले असतात. माणसाच्या मेंदूची वाढ सुमारे पंचविशीपर्यंत चालू असते, त्यामुळे कोवळ्या वयात लागलेली सवय जास्त खोलवर रुजते.

तंबाखूतले निकोटीन हे मुळात विषच. कीड लागू नये म्हणून ते झाड स्वतः तयार करते. पूर्वी माव्यावर तंबाखूचा काढा फवारीत, तो त्याच गुणामुळे. आज बेणे प्रक्रियेला आपण जे इमिडाक्लोप्रिड वापरतो, तेही निकोटीनच्याच धर्तीवर किडीच्या मज्जातंतूंवर काम करते. ते हाताळताना आपण हातमोजे घालतो, आणि तंबाखूची चिमूट मात्र गालात धरतो! बिडीच्या धुरातले निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचते, थोडा वेळ तरतरी देते आणि मग पुन्हा मागते. कॅन्सर करणारी द्रव्ये तंबाखूत आणि धुरात आणखी वेगळीच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने भारतात दरवर्षी सुमारे १३.५ लाख माणसे तंबाखूपायी दगावतात. गुटखा-माव्यातली सुपारीही निर्दोष नाही. तिने गालाची आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. मुलाला तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर त्याला ताबडतोब दाताच्या डॉक्टरकडे न्या.

आता धंद्याची बाजू पाहू. जुने गिऱ्हाईक मरते किंवा सोडते, तेव्हा कंपनीला नवे गिऱ्हाईक लागतेच. ते पंधरा-सोळाच्या वयात मिळाले की पुढची चाळीस वर्षे पक्की. अमेरिकेत एका सिगारेट कंपनीने १९८८ ते १९९७ या काळात जाहिरातीत उंटाचे व्यंगचित्र वापरले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सहा वर्षांची मुले तो उंट मिकी माउसइतकाच ओळखत होती. आपल्याकडे २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिराती बंद केल्या. मग त्याच नावाने वेलदोडा आणि पानमसाला आला. जाहिरात वेलदोड्याची, ध्यानात राहते ते पुडीचे नाव, आणि नाचणारा असतो पोरांचा आवडता नट. पुडीची किंमतही अशी की खाऊच्या पैशात बसावी.

कायदा काय सांगतो, हे ध्यानात ठेवावे. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विक्रीला मनाई आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तर २०१९ साली देशभर ई-सिगारेटवर बंदी आली. अल्पवयीन मुलाला तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. आणि आपण? "जा रे, दुकानातनं पुडी घेऊन ये" म्हणून पोरालाच पिटाळतो. आई मिशरी लावते, लेक तेच शिकते. कायद्याने दुकान बंद होईल, घरातला नमुना कोण बंद करणार?

खोडकिडीवर आपण अळी दिसण्याची वाट पाहत नाही. वेळेवर बाळबांधणी करतो, ट्रायकोकार्ड लावतो. मुलांच्या बाबतीतही आधीच बोलावे. मारहाण करू नये, त्याने पोरगं फक्त लपवायला शिकतं. शाळा समितीवर आपलेच सभासद असतात, त्यांनी शाळेसमोरच्या टपरीकडे लक्ष द्यावे. ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांतली मुलेही आपलीच समजावीत. मजुरी चुकती करताना त्यांच्या हातावर पुडी ठेवू नये.

सोडणे अवघड आहे, हे मी अनुभवाने सांगतो. पहिले तीन-चार दिवस डोके ठणकते, चिडचिड होते, हात आपोआप खिशाकडे जातो. महिनाभरात जोर ओसरतो. मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

त्या पोराला मी शब्द दिला होता, "मी सोडतो, तूही सोड." माझ्या खिशात आता डबी नाही. परवा खोडव्याची पाहणी करायला त्याच रानात गेलो, तेव्हा त्याने आधी माझा खिसा तपासला, मग हसून स्वतःचे दोन्ही हात उघडून दाखवले. हात रिकामे होते.

आपला,
ऊस विकास अधिकारी