विश्लेषण : निळा ठिपका बरोबर, रस्ता पाण्याखाली! गाडी चालवताना मोबाइलच्या जीपीएसवर किती विसंबावे?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ एक ठरलेला मेसेज फिरतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी किती फूट आणि जिल्ह्यातील किती बंधारे पाण्याखाली. ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण त्याच मोबाइलमधील नकाशाला ही माहिती असेलच, याची खात्री देता येत नाही. त्यामुळे बाहेरगावचा एखादा चालक नकाशा पाहत थेट पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यापर्यंत पोहोचू शकतो. तिथे जीपीएसने गाडीचे ठिकाण अगदी बरोबर दाखवलेले असते. चुकलेला असतो तो पुढचा रस्ता. म्हणून ‘मोबाइलचा जीपीएस किती अचूक?’ या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत समजून घ्यावे लागते.

जीपीएस ठिकाण शोधते कसे?

अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे तीसच्या आसपास उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. प्रत्येकात आण्विक घड्याळ असते. आपण कुठे आहोत आणि आत्ता नेमके किती वाजले, एवढाच संदेश प्रत्येक उपग्रह सतत पाठवत असतो. फोन तो संदेश फक्त ऐकतो, उपग्रहाला काहीच पाठवत नाही. संदेश निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ गेला, यावरून तो उपग्रहापर्यंतचे अंतर काढतो.

रेडिओ लहरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतात. त्यामुळे वेळ मोजताना सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची जरी चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकते. फोनमधले घड्याळ इतके काटेकोर नसते. म्हणून अक्षांश, रेखांश आणि उंची यांच्यासोबत घड्याळातली चूकही शोधावी लागते. चार गोष्टी शोधायच्या, म्हणून किमान चार उपग्रह लागतात. आजचे बहुतेक फोन जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बायडू हे उपग्रहही वापरतात. काही फोनमध्ये भारताच्या ‘नाविक’ची सोयही असते.

मग चूक किती मीटरची?

मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य नागरिकांसाठीच्या सिग्नलमध्ये मुद्दाम गडबड करून ठेवत असे. तेव्हा चूक १०० मीटरपर्यंत जायची. ती गडबड बंद झाल्यावर चित्र पालटले. आज मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनची चूक साधारण ४.९ मीटरच्या आत राहते, असे अमेरिकी सरकारच्या जीपीएस संकेतस्थळावर नमूद आहे.

मात्र ‘मोकळ्या आकाशाखाली’ ही अट महत्त्वाची आहे. रंकाळ्याच्या काठावर सिग्नल थेट येतो. महाद्वार रोडसारख्या दाटीच्या भागात तो इमारतींच्या भिंतींवर आपटून फोनपर्यंत पोहोचतो. वाट लांबली की वेळ वाढतो आणि फोनला उपग्रह आहे त्यापेक्षा दूर वाटतो. मग ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. दोन फ्रिक्वेन्सींवर, म्हणजे एल-१ आणि एल-५ या दोन्ही सिग्नलवर चालणारे फोन २०१८ पासून बाजारात आले. त्यांना असा उसळून आलेला सिग्नल अधिक चांगला ओळखता येतो. तरीही चूक पूर्ण जात नाही.

निळ्या ठिपक्याभोवती कधी कधी फिकट वर्तुळ दिसते. फोनला स्वतःच्या अंदाजाबद्दल किती शंका आहे, ते या वर्तुळातून कळते. अँड्रॉइडमध्ये अचूकतेच्या या त्रिज्येची व्याख्याच अशी आहे की, फोन त्या वर्तुळाच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे साधारण तीनातून एकदा तो वर्तुळाबाहेरही असू शकतो. वर्तुळ मोठे झाले असेल, तर पुढच्या वळणाची सूचना जपूनच घ्यावी.

ठिपका नेहमी रस्त्यावरच कसा दिसतो?

चूक पाच मीटरची असेल, तर गाडी अधूनमधून उसाच्या फडात किंवा कुणाच्या अंगणात दिसायला हवी. तसे होत नाही, कारण नेव्हिगेशन अॅप ठिपका उचलून जवळच्या रस्त्यावर बसवते. याला मॅप मॅचिंग म्हणतात. गाडीची दिशा, वेग आणि आधीचा मार्ग पाहून ती कोणत्या रस्त्यावर असावी, याचा अंदाज अॅप बांधत राहते.

दोन रस्ते लागून असले की हा अंदाज फसतो. महामार्गाची एक लेन साधारण साडेतीन मीटर रुंद असते आणि सेवारस्ता काही मीटरवरच. पुणे-बंगळूरु महामार्गावरून तावडे हॉटेलजवळ कोल्हापुरात वळताना गाडी मुख्य रस्त्यावर आहे की सेवारस्त्यावर, हे पाच मीटरच्या चुकीत ठरवणे कठीण असते. त्यात वेगाची भर पडते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. फोन साधारण सेकंदाला एकदा नवे ठिकाण काढतो. ‘डावीकडे वळा’ ऐकून पाटी शोधेपर्यंत फाटा मागे पडतो, तो त्यामुळेच.

एकावर एक रस्ते असतील तर काम आणखी अवघड होते. उंची मोजण्यात जीपीएस आडव्या अंतरापेक्षा कच्चे आहे. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूर येथे एक महिला पुलावरून जाण्याऐवजी नकाशा पाहत पुलाखालच्या रस्त्याला लागली आणि तिची मोटार थेट खाडीत पडली. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वाचवले.

घाटात आणि नेटवर्क नसताना काय होते?

‘रेंज गेली, जीपीएस बंद पडला’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात उपग्रहांचा सिग्नल मोबाइल टॉवरवर अवलंबून नसतो. इंटरनेट असले की उपग्रहांची माहिती झटपट मिळून पहिले ठिकाण लवकर सापडते. ते नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून घ्यायला अर्धा मिनिट किंवा अधिक वेळ लागतो, एवढाच फरक. रेंज गेल्यावर थांबते ते नकाशाचे नवे भाग, वाहतुकीची स्थिती आणि नवा मार्ग काढणे. गगनबावडा, फोंडा किंवा आंबोलीच्या वाटेवर जाणार असाल, तर त्या भागाचा नकाशा घरूनच डाउनलोड करून ठेवणे उपयोगी पडते.

घाटात एका बाजूला डोंगराची भिंत असल्याने निम्मे आकाश झाकले जाते. नागमोडी वळणांचे वरचे आणि खालचे रस्ते नकाशात एकमेकांलगत असतात. तिथे ठिपका गोंधळला, तरी रस्ता एकच असल्याने सहसा बिघडत नाही. बिघडते ते रस्ताच बंद असेल तर. करूळ घाट जानेवारी २०२४ पासून कामासाठी दीर्घकाळ बंद होता. अशी बातमी नकाशापर्यंत कुणीतरी पोहोचवावी लागते. उपग्रहाला ती दिसत नाही.

खरा धोका कुठे आहे?

नकाशामुळे झालेल्या गंभीर अपघातांत बहुतेकदा ठिकाण बरोबर असते आणि रस्त्याची माहिती शिळी असते. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेली पुण्याची मोटार अकोले तालुक्यात (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) रात्रीच्या अंधारात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. नकाशाने दाखवलेल्या वाटेवरचा पूल पाण्याखाली होता. दोघे पोहून बाहेर आले, एकाचा बुडून मृत्यू झाला. तो पूल दरवर्षी काही महिने बुडतो, हे आसपासच्या गावांना माहीत होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता, नकाशात मात्र पूल सलग होता. तिथे रस्ता अडवणारे भक्कम बॅरिकेडही नव्हते. पोलिसांनी बांधकाम विभागाच्या अभियंत्यांवरही गुन्हा नोंदवला.

कोल्हापूरच्या बंधाऱ्यांवर नकाशा का फसतो?

‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ राज्यभर के.टी. वेअर म्हणून ओळखला जातो. दगडी किंवा काँक्रीटच्या खांबांमधील खाचांत पावसाळा संपल्यावर बरगे घालून पाणी अडवतात आणि पावसाळ्याआधी ते काढून घेतात. पूर आला की पाणी खांबांमधून आणि गरज पडल्यास वरूनही जावे, हाच त्यामागचा विचार. या बंधाऱ्यांच्या माथ्यावरून अनेक गावांची रोजची वाहतूकही चालते. म्हणजे वर्षातले अनेक महिने जो रस्ता असतो, तो पावसाळ्यातले काही दिवस नदी होतो. पंचगंगेवरील राजाराम, सुर्वे, रुई, तेरवाड असोत की भोगावतीवरील राशिवडे, हळदी, खडक कोगे, यांची नावे दर पावसाळ्यात पाण्याखालच्या यादीत येतात.

हा बदल काही तासांत होतो. राधानगरी धरण भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. एका दरवाजातून सुमारे १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येते. असे सात दरवाजे आहेत. सकाळी खुला असलेला बंधारा संध्याकाळी बुडालेला असू शकतो.

नकाशाला वाहतुकीचा अंदाज येतो तो प्रामुख्याने रस्त्यावरून जाणाऱ्या फोनच्या वेगावरून. महामार्गावर शेकडो गाड्या खोळंबल्या, तर काही मिनिटांत रस्ता लाल दिसतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा ती बातमी सगळीकडे पोहोचली. गावाकडच्या बंधाऱ्यावर मात्र रात्री तासभर एकही गाडी नसणे नेहमीचेच. तिथे मोकळा रस्ता आणि बुडालेला रस्ता नकाशाला सारखाच दिसू शकतो. त्यातच बंधाऱ्यावरची वाट जवळची असेल, तर अॅप तीच आधी सुचवते.

मग चालकाने काय करावे?

निघण्यापूर्वी पूर्ण मार्ग एकदा मोठा करून पाहावा आणि तो नदी कुठे ओलांडतो, हे लक्षात घ्यावे. जुलै ते सप्टेंबरमध्ये दहा-पंधरा मिनिटे वाचवणाऱ्या आडवाटेपेक्षा मोठ्या पुलाचा राज्यमार्ग निवडावा. जिल्हा प्रशासनाची बंधाऱ्यांची आणि बंद रस्त्यांची रोजची यादी नकाशापेक्षा ताजी असते. रस्ता बंद दिसला, तर अॅपवर तशी नोंद करावी. मागून येणाऱ्याला तिचा उपयोग होतो.

फोन हातात न धरता स्टँडवर लावावा. गाडी चालवताना मोबाइलचा वापर केवळ मार्ग पाहण्यापुरता आणि लक्ष विचलित न होता करता येतो, असा नियम ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे.

रस्त्यावरून पाणी वाहताना दिसले, तर ठिपका काहीही सांगो, गाडी मागे घ्यावी. फूटभर वाहते पाणीही लहान मोटार वाहून नेऊ शकते आणि खाली रस्ता शिल्लक आहे की खचला, हे वरून कळत नाही. रात्री अनोळखी बंधारा लागणार असेल, तर अलीकडच्या गावात थांबून ‘पाणी उतरलंय का?’ असे विचारून घ्यावे. त्या गावाने आजच्या दिवसात तो रस्ता पाहिलेला असतो, नकाशाने पाहिलेला असेलच असे नाही.