ओल्या पिसांचा मासा

१ जुलै १९२४ रोजी अमेरिकेतल्या मेन राज्यात, रेंजली तलावांच्या परिसरातल्या अपर डॅम इथे, कॅरी स्टीव्हन्स या बाईंनी स्वतः बांधलेल्या स्ट्रीमर जातीच्या फ्लायवर, म्हणजे गळावर पिसे बांधून केलेल्या आमिषावर, सहा पौंड तेरा औंसांचा, म्हणजे तीन किलोंहून किंचित अधिक वजनाचा ब्रुक ट्राउट पकडला. इथपर्यंत सगळे खरे आहे. पुढची कथा मात्र सांगणाऱ्यागणिक फुगत गेली. तो मासा जागतिक विक्रम होता, असे कोणी म्हणते. प्रत्यक्षात तो ‘फील्ड अँड स्ट्रीम’ मासिकाच्या स्पर्धेत दुसरा आला. ब्रुक ट्राउटचा विक्रम कॅनडातल्या निपिगॉन नदीतल्या साडेचौदा पौंडी माशाच्या नावावर पहिल्या महायुद्धाच्या काळातच लागला होता. तो ट्राउट बाईंच्या ‘ग्रे घोस्ट’ या जगप्रसिद्ध स्ट्रीमरवर लागला, हेही सर्रास छापले जाते. अभ्यासकांचा कल मात्र असा, की त्या दिवशीची फ्लाय ग्रे घोस्टची पूर्वज होती, ‘शँग्ज गो-गेट-अम’ नावाची, आणि ग्रे घोस्टचे आज ओळखले जाणारे रूप नंतर घडले. स्ट्रीमर हा प्रकारच बाईंनी शोधला, हे तर साफ चूक. माशासारखी दिसणारी फ्लाय थिओडोर गॉर्डनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच बांधली होती.

जे खरे आहे ते या दंतकथांपेक्षा सरस आहे. स्टीव्हन्सबाई व्यवसायाने टोप्या सजवत. पिसे कशी वळतात, कशावर काय खुलते, हे हाताला आधीच ठाऊक होते. फ्लाय बांधताना गळ व्हाइसमध्ये, म्हणजे छोट्या शिकंज्यात, आवळून धरतात. या बाई तो नुसत्या बोटांत धरून बांधत. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर कोणताही किडा नव्हता. होता तो स्मेल्ट नावाचा लहानसा चंदेरी मासा, ज्याच्यामागे त्या तलावांतले ट्राउट आणि सामन धावतात.

इथेच पहिला सार्वत्रिक गैरसमज भेटतो. फ्लाय फिशिंग म्हणजे पाण्यावर अलगद उतरणारी, पतंग-माश्यांची नक्कल करणारी नाजूक कारागिरी, एवढेच चित्र बहुतेकांच्या मनात असते. स्ट्रीमर या घराण्यातला असूनही पाण्याखाली चालतो. लांब दांडीच्या गळावर केस, पिसे आणि चंदेरी जर बांधून केलेला हा मासा. छोट्या माशांवर जगणाऱ्या मोठ्या माशाला फसवणे हे त्याचे काम.

त्याच्याबद्दलचे बाकीचे बरेचसे गैरसमज एकाच सवयीतून येतात, असे मला वाटते: आपण त्याला पाण्याबाहेर, कोरडा, तळहातावर ठेवून पारखतो.

तळहातावर जी फ्लाय हुबेहूब माशासारखी दिसते तीच चांगली, असे नवख्याला वाटते आणि विकणाऱ्यालाही ते सोयीचे असते. खवले, पर, रंगवलेले कल्ले, सगळे जागच्या जागी. पण अशी फ्लाय पाण्यात अनेकदा लाकडाच्या तुकड्यासारखी ओढली जाते. शिकारी माशाला भक्ष्य आधी हालचालीतून कळते. जवळच्या पाण्यातली थरथर टिपणारी संवेदी रेषा त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना असते, आणि नजरेला पडते ती लकाकी, पाठ-पोटाच्या रंगातला फरक आणि डोळा. लहान मासा चंदेरी दिसतो तो त्याच्या त्वचेतल्या ग्वानिनच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे. ते आरशासारखा प्रकाश परत फेकतात. पाठ गडद आणि पोट फिके असल्याने वरून तो तळाशी मिसळतो, खालून उजेडाशी. घाबरून वळला की क्षणभर कूस चमकते आणि तेवढ्यात घात होतो. बांधणाऱ्याला पकडायचा असतो हा क्षण, आणि त्यासाठी खवल्यांची गरज नसते. ‘मिकी फिन’ नावाचा जुना स्ट्रीमर पाहा. पिवळे केस, मध्ये लाल पट्टा, पुन्हा पिवळे. असा मासा कुठल्याही ओढ्यात नाही. जॉन ऑल्डन नाइटने १९३०च्या दशकात तो लोकप्रिय केला, आणि तो आजही मासे देतो. त्यातला लाल रंग खोल पाण्यात लवकर काळपटतो, कारण पाणी लाल प्रकाश आधी शोषते. म्हणजे तिथे तो लाल असतो तो आपल्यापुरताच.

भरपूर केस बांधले की फ्लाय भरदार आणि म्हणून मोहक होते, हा समज माझ्या मते सर्वांत महागात पडतो. त्याचे उत्तर ‘क्लाउझर डीप मिनो’ नीट पाहिला की मिळते. पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅना नदीवर गाइडचे काम करणाऱ्या बॉब क्लाउझरने १९८०च्या दशकात स्मॉलमाउथ बास या माशासाठी ही फ्लाय घडवली. तिचे हे नाव ठेवले लेफ्टी क्रे या नामांकित मच्छीमार-लेखकाने. साहित्य अगदी मोजके. दोरा, डंबेलच्या आकाराचे जड धातूचे डोळे, हरणाच्या शेपटीचे पांढरे आणि गडद केस, थोडे चमकीचे धागे.

बांधणी अशी. गळाच्या नाकापासून मागे, दांडीच्या साधारण एक तृतीयांशावर, दांडीच्या वरच्या अंगाला डोळे ठेवून दोरा इंग्रजी आठच्या आकारात आवळायचा. पांढऱ्या केसांची पातळ जुडी डोळ्यांच्या पुढे बांधून, दोन डोळ्यांमधल्या खाचेतून मागे नेऊन, डोळ्यांच्या मागेही दोऱ्याने दाबायची. मग गळ उलटा करायचा. आता टोक वर. चमकीचे चार-सहा धागे आणि त्यावर गडद केस, हे मात्र फक्त डोळ्यांच्या पुढे बांधायचे, म्हणजे ते मागे मोकळे राहून टोकावर पांघरूण घालतात. डोके दोऱ्याने निमुळते करून वर वार्निशचा थेंब.

हे पाहून लोक विचारतात, गडद केस खालच्या बाजूला का बांधले? खालच्या बाजूला नाहीतच ते. डोळ्यांचे वजन दांडीच्या ज्या अंगाला, ते अंग पाण्यात खाली जाते. गळ उलटा चालतो, टोक वर राहते, दगडांत आणि गवतात कमी अडकते. व्हाइसमध्ये जे पोट वाटत होते ती पाठ असते. दोर ओढला की डोके उचलून फ्लाय पुढे झेपावते, थांबला की नाक खाली करून बुडते. हा वरखाली डौल केस मोजके असतील तरच येतो. दोन्ही रंग मिळून जुडी आगपेटीच्या काडीएवढी असली तरी पुष्कळ होते. जाड जुडी पाण्याला अडवते, सावकाश बुडते, आणि आत एकमेकांना चिकटलेले केस हलतच नाहीत. पातळ जुडीतून उजेड आरपार जातो, आणि लहान मासे असतातच अर्धपारदर्शक. ही फ्लाय वाटीभर पाण्यात भिजवून पाहावी, मग तिच्याबद्दल मत द्यावे.

याच केसांवरून आणखी एक वाद रंगतो: हरणाचे केस पोकळ, म्हणून बकटेल, म्हणजे हरणाची शेपटी, तरंगते. अर्धे खरे. पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकी हरणाच्या अंगावरच्या केसांत हवेचे सूक्ष्म कप्पे असतात. नळीसारखी सरळ पोकळी तिथेही नसते. दोरा आवळला की ते केस फुलून उभे राहतात आणि खरोखर तरंगतात. शेपटीचे केस बरेच भरीव असतात. बुडाशी थोडे फुलतात, टोकाकडे नाही. म्हणून स्ट्रीमरसाठी टोकाकडचा भाग वापरावा आणि अंगावरचे केस डोके घडवायला ठेवावेत.

डोके घडवण्यावरून ‘मडलर मिनो’ आठवतो. नावात मिनो, पण नक्कल मिनोची नाहीच. १९३०च्या दशकात डॉन गेपनने तो निपिगॉन नदीवर बांधला तो स्कल्पिनसाठी. स्कल्पिन म्हणजे रुंद चपट्या डोक्याचा, तळाच्या दगडांत दडून राहणारा मासा. मिनो वेगळे, ते कार्प माशांच्या गोतावळ्यातले. आपले रोहू, कटला आणि महसीर त्यांचे भाऊबंद. दुकानांत मिळणाऱ्या मडलरचे कातरलेले, घट्ट गोल डोकेही मूळचे नाही. गेपनचे डोके विरळ, विस्कटलेले होते. दाट डोक्याची आवृत्ती मोंटानातल्या डॅन बेलीच्या दुकानामुळे पसरली. दाट डोके दिसायला सुबक, पण ते फ्लायला तळाशी जाऊ देत नाही, आणि स्कल्पिन तर तळ सोडत नाही. मिनो म्हणजे नेहमी बोटभर मासा, हेही खरे नाही. कोलोरॅडो नदीतला पाइकमिनो पूर्वी सहा फुटांपर्यंत वाढत असल्याच्या नोंदी आहेत.

आता आपल्या सह्याद्रीशी थेट नाते असलेली गोष्ट. ग्रे घोस्टच्या दोन्ही गालांवर एकेक लहान पीस असते, काळपट, त्यावर पांढरे-पिवळे मेणासारखे चकचकीत ठिपके. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते रंगवलेले प्लास्टिक वाटते. ते राखी रानकोंबड्याच्या मानेचे पीस आहे. कोयना-चांदोलीच्या रानात पहाटे आरवतो तोच पक्षी. ठिपका वरून लावलेला नसतो. पिसाचाच भाग तिथे चपटा आणि कडक होतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी सामन-फ्लायसाठी या पिसांना मोठी मागणी होती. भारतातून पिसांच्या निर्यातीवर १९०२ मध्ये सरकारने बंदी घातली. आज हा पक्षी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याची शिकार आणि त्याच्या पिसांचा व्यापार दोन्ही गुन्हा. परदेशात जी पिसे कायदेशीर विकली जातात ती ब्रिटनसारख्या ठिकाणी पाळून वाढवलेल्या पक्ष्यांची, आणि बरीच महाग. या पिसावाचून ग्रे घोस्ट चालतच नाही, असे छातीठोक सांगणारे आहेत. मला ते पटत नाही. मेनमधल्या ट्राउटने सह्याद्रीतला कोंबडा कधी पाहिलेला नाही. त्याला गालावर डोळ्यासारखा ठिपका हवा. तो रंगाचा असला तरी भागते.

मोठ्या फ्लायला मोठेच मासे लागतात, हा समज मी फार ताणणार नाही. वीतभर ट्राउट स्वतःच्या निम्म्या लांबीच्या स्ट्रीमरवर तुटून पडल्याची उदाहरणे गळ टाकणाऱ्या कोणालाही माहीत असतात. कल खरा आहे, नियम नाही.

डोळ्यांसाठी शिसेच हवे, हा समजही सोडून द्यावा. हंसांना विषबाधा होते म्हणून ब्रिटनने १९८७ मध्ये मासेमारीच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आणली. मेनमध्येही लून पक्ष्यांसाठी निर्बंध आहेत. पितळी डोळे चांगले चालतात आणि टंगस्टनचे तर शिशाहून जड असतात. जड डोळ्यांची फ्लाय फेकताना मात्र टोपी आणि चष्मा घालावा. एरवी फ्लाय फिशिंगमध्ये काठी दोराचे वजन फेकते आणि फ्लाय नुसती मागोमाग जाते. इथे फ्लायच गोळीसारखी परत येते. दोराचा फास रुंद ठेवून सावकाश फेकले की कान वाचतो.

महाराष्ट्रात स्ट्रीमर चालेल का? महसीर सर्वभक्षी आहे, फळे, शेवाळ, खेकडे आणि लहान मासेही खातो, तेव्हा स्ट्रीमर त्याला वर्ज्य नाही. दख्खनच्या महसीरचे शास्त्रीय वर्णनच मुळी कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केले, आणि लोणावळ्याला वळवण इथे टाटा पॉवर १९७०च्या दशकापासून महसीरची पैदास करते. पण पाणी सरकारी, म्हणून गळ कुठेही टाकावा, असे नाही. अभयारण्यात तो टाकता येत नाही आणि बऱ्याच जलाशयांचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, आधी विचारावे. मासा सोडून दिला की त्याला काहीच होत नाही, हाही गैरसमजच. कोमट पाण्यात दमवलेला, फोटोसाठी मिनिटभर हवेत धरलेला मासा पोहत गेला तरी नंतर मरू शकतो. गळाचा काटा पकडीने दाबून सपाट करावा आणि मासा पाण्यातच सोडवावा.

राहिला तो फ्लाय ओढण्याचा मुद्दा. लहान मासा जीव घेऊन पळतो म्हणून स्ट्रीमर सतत भरभर ओढायचा, अशी समजूत आहे. उन्हाळ्यात कधी तसे जमते. थंड पाण्यात शिकारी सुस्त असतो, पाठलागाची तसदी घेत नाही; तिथे फ्लाय प्रवाहात आडवी वाहू द्यावी, मध्येच वीतभर ओढावी, मग सोडावी. झडप बहुधा त्या सोडण्याच्या क्षणी येते, जखमी मासा ढिला पडावा तसे दिसते म्हणून. आणि झडप आली की काठी वर उचलायची, ही पाण्यावरच्या फ्लायने लावलेली सवय इथे घात करते. काठी उचलली की फ्लाय माशाच्या तोंडातून निसटून पृष्ठभागाकडे उडते, खेळ संपतो. काठीचे टोक पाण्याकडेच ठेवून डाव्या हाताने दोर सरळ मागे खेचावा. बसला तर गळ घट्ट बसतो. नाही बसला तर फ्लाय हातभर पुढे सरकून पुन्हा त्याच्या नजरेसमोरच असते, आणि चवताळलेला मासा बऱ्याचदा वळून दुसऱ्यांदा येतो.