दहा मिनिटांत काळीकुट्ट? मग ती मेंदी नव्हेच!

लग्नसराईत कर्जतहून सुटणाऱ्या खोपोली लोकलमध्ये जरा नजर फिरवा. पळसदरी यायच्या आत दोन-तीन जणी तरी हात हवेत धरून बसलेल्या दिसतील. बॅग मैत्रिणीच्या खांद्यावर, मोबाइल मैत्रिणीच्या हातात आणि नाकाला खाज सुटली की तेही काम मैत्रिणीचंच! आपल्याकडे फार्महाउसवरची लग्नं वाढली, तशी मेंदी ही नुसती हौस राहिली नाही. कर्जत-खालापूरच्या कितीतरी मुली ऑर्डर घेऊन सुट्टीतला खर्च काढतात.

माझ्या एका मैत्रिणीने मात्र जत्रेत मनगटावर विंचू काढून घेतला. काळा, टॅटूसारखा. दहा मिनिटांत रंग तयार, फोटो झकास. दहाव्या दिवशी रंग उतरायला लागला आणि नेमक्या त्याच रेषांवर फोड उठले. विंचू अक्षरशः वर आला. मलमाने ते बरं झालं, विषय संपला असं वाटलं. पुढे चार महिन्यांनी तिने केसांना रंग लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे उघडेनात, इतका चेहरा सुजला होता.

दोन्ही वेळचा गुन्हेगार एकच होता: पीपीडी, म्हणजे पॅराफिनिलिनडायअमिन. केस काळे करायच्या रंगात हे रसायन असतं. केसांच्या रंगाच्या पाकिटावर ‘आधी चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका’ असा इशारा छापलेला असतो, तो यासाठीच. ‘काळी मेंदी’ म्हणून कोनात अनेकदा हेच कालवलेलं असतं. एकदा शरीराला त्याची अ‍ॅलर्जी जडली की ती बहुधा जन्मभर सोबत राहते. मग हेअर डाय बंद. काहींना कपड्यांचे गडद रंग आणि काही भूल देणारी औषधंही सोसत नाहीत. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2006 साली पीपीडीला ‘अ‍ॅलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं होतं. असला किताब कुणाला हवा?

खऱ्या मेंदीला काळा रंग येतच नाही. तिच्या पानात लॉसोन नावाचं द्रव्य असतं. कोन काढला की आधी केशरी रंग दिसतो, मग 24 ते 48 तासांत तो चढत चढत लालसर तपकिरी होतो. तळहाताची कातडी जाड, म्हणून तिथे रंग सगळ्यात गडद येतो. मनगटावर, दंडावर तो फिकाच राहणार. टॅटू नेमका तिथेच हवा असतो आणि म्हणून त्यात भलतंच काही मिसळलं जातं. पोरांनो, हे तुमच्यासाठीही आहे. दंडावरचे ड्रॅगन तुम्हीच काढून घेता!

त्यामुळे हात पुढे करण्याआधी विचारा: कोन कधी भरला? आत काय आहे? खरा कोन म्हणजे वस्त्रगाळ पावडर (राजस्थानातल्या सोजतची नावाजलेली, तिला 2021 मध्ये जीआय मानांकनही मिळालं), लिंबाचा रस किंवा पाणी, थोडी साखर आणि नीलगिरीसारखं तेल. भिजवून रात्रभर ठेवायचं. असा कोन फ्रिजबाहेर फार टिकत नाही. म्हणजे जो महिनोन्‌महिने दुकानात लटकतो, ज्यावर ना घटक ना उत्पादकाचा पत्ता, त्याच्यावर भरवसा कशाला? रॉकेल-पेट्रोलसारखा वास आला, तर सरळ उठा. मनगटावर ठिपका लावून दोन दिवस थांबणं चांगलंच, पण पहिल्यांदाच पीपीडी लागत असेल तर त्रास आठवड्या-दोन आठवड्यांनीही होतो. ठिपका पास झाला म्हणून काळा कोन सुरक्षित ठरत नाही. आणि तान्ह्या बाळाच्या तळव्यावर शकुनाचा म्हणूनही ठिपका नको. जी६पीडी नावाची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी अगदी साध्या मेंदीनेही फुटू शकतात.

रंग टिकवायचं गणित सोपं आहे. मेंदी सहा-आठ तास राहू द्या, सुकली की लिंबू-साखरेचं पाणी कापसाने टिपा. नंतर खरवडून काढा, धुऊ नका. पुढचे बारा तास तरी पाणी टाळा आणि खोबरेल चोळा. लवंगांची धुरी देताना हात तव्यापासून लांब ठेवा. भाजलेल्या हातावर कसली नक्षी! रिसॉर्टच्या पूलमधलं क्लोरीन रंग लवकर उतरवतं, तेव्हा पूल पार्टी आधी, मेंदी नंतर.

आग झाली, पुरळ आलं तर लगेच साबण-पाण्याने धुवा. टूथपेस्ट, हळद वगैरे प्रयोग नकोत. कोन किंवा त्याचा फोटो घेऊन डॉक्टर गाठा. चेहरा सुजला, श्वास लागला, तर वाट न बघता 108 ला फोन करा.

ती मैत्रीण आता स्वतःच ऑर्डर घेते. कोन घरी भरते, डब्यात बर्फाच्या पिशवीसोबत लोकलमधून नेते. परवा चौकला एका नवरीच्या मावशीने विचारलं, “काळी नाही का गं तुझ्याकडे?” तिने बाही वर केली आणि मनगटावरचा विंचवाचा फिकट डाग दाखवला. मावशींनी मुकाट्याने हात पुढे केला.